गाडी घ्यायची, पण कोणती?

आमचे गाव एकोडी. भंडारा जिल्हा, साकोली तालुका. हा धानाचा मुलूख. तहसील कचेरी साकोलीला, जिल्ह्याची कचेरी भंडाऱ्याला. जाणे-येणे रोजचेच. म्हणून घरोघरी मोटारसायकल आली. आपण तिला नुसते 'गाडी' म्हणतो.

परवा सकाळी एक शेतकरी माझ्या ओट्यावर आला. तो आणि त्याची बायको, दोघेही रात्रीच्या वर्गाला येतात. धानाचे पैसे हाती आले होते. जुनी गाडी थकली होती. ती धूर ओकत होती.

"गुरुजी, नवी गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ जी?"

"घरचे काय म्हणतात?" मी विचारले.

"पोरगा म्हणते, दीडशे सीसीची घ्या. साळा म्हणते, बुलेट घ्या, गावात मान राहते. दुकानदार म्हणते, आजच न्या, पैसे हप्त्याने द्या."

"आणि बायको?"

तो गप्प झाला. तिला कोणी विचारलेच नव्हते.

मी म्हणालो, "तिला बोलाव. वहीही आण. आपण लिहून पाहू."

पूर्वी आणि आता

पूर्वी निवड सोपी होती, कारण निवडच नव्हती. 1955 साली मद्रासला बुलेट जोडू लागले. पुढे राजदूत आली, म्हैसूरची जावा आली. गाड्या थोड्या आणि घेणारे फार. स्कूटरसाठी तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 1985 साली हिरो होंडाची 100 सीसीची गाडी आली. ती थोड्या पेट्रोलवर फार चाले. तिने खेड्यापाड्यांत गाडी नेली.

आता दुकानात शेकडो गाड्या आहेत. पेट्रोलच्या आहेत, विजेच्या आहेत. 2024 साली सीएनजीवर चालणारीही आली. पूर्वी गाडी मिळत नव्हती म्हणून माणूस अडत होता. आता फार मिळतात म्हणून फसतो.

सीसी म्हणजे काय?

इंजिनात एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्या जेवढी जागा व्यापतो ती सीसीत मोजतात. 1,000 सीसी म्हणजे एक लिटर. म्हणजे 100 सीसी हा लिटरचा दहावा भाग. चहाचा एक लहान कप समजा. कप मोठा तर जोर जास्त. पण पेट्रोलही जास्त.

पहिला प्रश्न: काम काय?

त्याने वहीत लिहिले. शेतावर जाणे. दूध पोचवणे. आठवड्यातून एकदोनदा साकोली. रोजचे सारे मिळून 20 किलोमीटर.

मी म्हटले, "आता पेट्रोलचा हिशोब कर."

वर्षाचे 300 दिवस धरले. 20 गुणिले 300 म्हणजे 6,000 किलोमीटर. एक गाडी लिटरला 60 किलोमीटर जाते असे समजू. तिला 100 लिटर पेट्रोल लागेल. दुसरी 40 जाते. तिला 150 लिटर लागेल. फरक 50 लिटर. लिटरला 100 रुपये धरले, तर वर्षाला 5,000 रुपये. पाच वर्षांत 25,000!

तो म्हणाला, "बाप रे! मान बराच महाग आहे."

दुसरा प्रश्न: रस्ता कसा?

डांबरी रस्ता संपला की आपली पांदण लागते. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल. बुलेटचे वजन सुमारे 195 किलो. 100 सीसीच्या स्प्लेंडरचे सुमारे 112 किलो. चिखलात गाडी आडवी झाली, तर एकट्याला कोणती उचलेल? गाडी वाईट नसते. पण लांब पल्ल्याची गाडी वेगळी आणि पांदणीची वेगळी.

दुरुस्तीचेही पाहावे. आपला गावचा मिस्त्री जी गाडी खोलू शकतो, तिचे सुटे भाग जवळच मिळतात, ती बरी. विजेची गाडी स्वस्तात चालते. पण घरी वीज किती तास असते ते आधी पाहा. सीएनजीची घ्यायची तर पंप किती दूर आहे ते पाहा.

तिसरा प्रश्न: बसणार कोण?

आता बाई बोलली. "मागं मलेच बसाचं आहे. मले कोणी विचारलंच नाही."

तिचे बरोबर होते. मुलाने दाखवलेल्या गाडीची मागची बैठक उंच, उतरती आणि अरुंद. लुगड्यातल्या बाईने, मांडीवर मूल घेऊन बसावे कसे? मागे धरायला पकड हवी. पाय ठेवायला जागा हवी. चाकात पदर जाऊ नये म्हणून जाळी हवी. हा तर नियमच आहे. गाडी घेताना बाईला बसवूनच पाहावे.

मुलगा 16 वर्षांचा. गियरची गाडी चालवायला 18 पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग मुलाच्या हौसेची गाडी आज कशाला?

चौथा प्रश्न: पैसे कसे देणार?

इथे खरी ठेच लागते. दुकानदाराने सांगितले होते, कर्ज 60,000, व्याज फक्त 10 टक्के, मुदत 3 वर्षे.

बाईने हिशोब मांडला. वर्षाला 6,000. तीन वर्षांचे 18,000. फेड 78,000. महिन्याला हप्ता सुमारे 2,167 रुपये.

मी विचारले, "दर महिन्याला हप्ता दिला की कर्ज कमी होते ना? मग शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वर व्याज का?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

याला 'फ्लॅट' व्याज म्हणतात. सांगायला 10 टक्के, पण खरा दर सुमारे 18 टक्के पडतो. तेच 10 टक्के घटत्या बाकीवर असते, तर हप्ता सुमारे 1,936 रुपये. एकूण व्याज सुमारे 9,700. फरक 8,300 रुपये. 2025-26 चा धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे साडेतीन क्विंटल धान फुकट गेले!

शेतकरी हळूच म्हणाला, "मागच्या गाडीला मी अंगठा दिला होता गुरुजी. किती व्याज गेलं, आजही माहीत नाही."

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याने मुख्य माहितीचा कागद द्यायचा असतो. त्यात सारा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा असतो. तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तो कागद मागा. वाचा. मगच सही करा.

जुन्या गाडीचे काय?

जुनी गाडी विकली, तर कागदावरचे नाव बदला. नमुना 29 आणि नमुना 30 भरावे लागतात. ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, कागद तसेच राहिले. पुढे त्या गाडीने एकाला धडक दिली. नोटीस माझ्या दारी आली. सहा महिने हेलपाटे घातले. मास्तर असून मी कागद वाचला नव्हता!

मग काय झाले?

दोघांनी 100 सीसीची गाडी ठरवली. बैठक लांब आणि सपाट. मोठी रक्कम रोख दिली. थोडे कर्ज बँकेतून, घटत्या बाकीवर काढले. वाचलेल्या पैशातून दोन हेल्मेट घेतली, आयएसआय खुणेची. एक त्याचे, एक तिचे.

कर्जाच्या कागदावर या वेळी अंगठा नव्हता. त्याने नाव लिहिले. लिहायला वेळ लागला. दुकानदार थांबला.

लक्षात ठेवा

1. गाडी आपल्या कामासाठी घ्या, लोकांच्या डोळ्यांसाठी नको.
2. मागे बसणाऱ्याला विचारा.
3. किंमत विचारताना विमा, नोंदणी, कर धरून विचारा.
4. व्याज फ्लॅट आहे की घटत्या बाकीवर, हे विचारा.
5. कर्ज फिटले की बँकेचा दाखला घ्या. नमुना 35 भरून नोंदणीच्या कागदावरचा बोजा काढा.

वहीत लिहा

तुमची गाडी रोज किती किलोमीटर चालते? महिन्याला पेट्रोल किती लागते? हिशोब मांडा आणि घरात वाचून दाखवा.