पदवीनंतरची कर्जाऊ शिष्यवृत्ती

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. मुंबईतून १९१२ मध्ये बी. ए. झाल्यावर त्यांना अमेरिकेला नेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीने. ती तीन वर्षांची होती. बदल्यात बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

त्याआधीच, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी वेगळी वाट पाडली होती. त्यांच्या नावाचा जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी पदवीधरांना परदेशी उच्च शिक्षणासाठी पैसे देतो, पण कर्ज म्हणून. शिकून कमावता झालेला विद्यार्थी ते फेडतो आणि तोच पैसा पुढच्याच्या हाती जातो. म्हणूनच हा निधी सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला.

कोल्हापूरचे जयंत नारळीकर १९५७ मध्ये याच निधीच्या मदतीने केंब्रिजला गेले.

सातारा-सांगलीच्या पदवीधराने इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. निवड गुणवत्तेवर होते. अर्जानंतर मुलाखतीत विषयाची जाण तपासली जाते. आणि ‘शिष्यवृत्ती’ म्हटले तरी मुख्य रक्कम परत करायची असते. त्यामुळे अर्ज करण्याआधी परतफेडीच्या अटी, जामीनदार आणि अभ्यासक्रमाचा एकूण खर्च घरच्यांसोबत बसून तपासावा. विद्यापीठाची फी आणि राहण्याचा खर्च या एकाच रकमेत भागेलच असे नाही. बाकीची तजवीज आधीपासून हवी.