पेशींतील शक्तिकेंद्रांचें प्रत्यारोपण

सांगली-मिरजेच्या शेजारीं असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या कारखान्याची वीज गेली म्हणजे यंत्रें शाबूत, कामगार हजर, माल तयार, आणि तरीहि काम बंद, अशी अवस्था होते. मनुष्याच्या हृदयाचीहि कधीं कधीं हीच गत होते. शस्त्रक्रिया निर्दोष पार पडते, रक्त पुनः वाहूं लागतें; परंतु हृदयाचा स्नायु पूर्वीच्या जोमानें आकुंचन पावत नाहीं. या दुर्बलतेचें मूळ पुष्कळदां स्नायूच्या पेशींतील शक्तिकेंद्रांत असतें. निकामी झालेल्या केंद्रांच्या जागीं निरोगी केंद्रें आणून घालतां येतील काय, हा आजच्या वैद्यकापुढील एक विलक्षण प्रश्न आहे.

या केंद्रांना मायटोकाँड्रिया अथवा तंतुकणिका म्हणतात. ‘धागा’ आणि ‘कण’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हें नांव कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं बनविलें. अन्नांतील द्रव्यांचें प्राणवायूच्या साहाय्यानें मंद ज्वलन होऊन जी शक्ति निघते, ती एटीपी नांवाच्या द्रव्याच्या रूपानें पेशीला पुरविणें हें त्यांचें काम. हृदयाला क्षणाचीहि विश्रांति नसल्यामुळें त्याच्या पेशींचा सुमारें एक-तृतीयांश भाग या कणिकांनींच व्यापिलेला असतो. त्यांना स्वतःचीं निराळीं ३७ जनुकें असतात, आणि तीं मातेकडूनच अपत्याकडे येतात. अतिप्राचीन काळीं दुसऱ्या पेशींत शिरून तेथेंच कायमचे रहिवासी झालेल्या जंतूंचे हे वंशज होत, असें जीवशास्त्रज्ञ मानतात.

रक्तपुरवठा कांहीं काळ तुटला म्हणजे या कणिका विकल होतात. आणि रक्त परत येतांच प्राणवायूच्या अकस्मात् लोंढ्यानें त्यांची हानि अधिकच वाढते. बोस्टन येथील संशोधक जेम्स मॅककली व त्यांचे सहकारी यांनीं अशा हृदयांत निरोगी कणिका टोंचून पाहिल्या. सशांवरील त्या प्रयोगांचें वृत्त २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

पुढें २०१७ सालीं बोस्टनच्या बालरुग्णालयांतील शल्यविशारद सीताराम एमानी व मॅककली प्रभृतींनीं पांच बालरुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलांचीं हृदयें इतकीं क्षीण झालीं होतीं कीं, त्यांचें रुधिराभिसरण शरीराबाहेरील यंत्रानेंच चालू ठेवावें लागत होतें. प्रत्येकाच्या पोटाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून त्यांतून कणिका वेगळ्या केल्या व त्याच रुग्णाच्या हृदयांत सोडल्या. कणिका स्वतःच्याच असल्यानें शरीर त्या परक्या म्हणून नाकारील, ही भीति उरली नाहीं. पांचांपैकीं चौघांना यंत्रावरून सोडवितां आलें. २०२१ सालच्या निवेदनांत असा उपचार झालेल्या १० मुलांपैकीं ८० टक्के यंत्रमुक्त झालीं, तर उपचार न मिळालेल्या १४ मुलांत हें प्रमाण २९ टक्के होतें.

हे आंकडे आशा वाढविणारे खरे. पण रुग्णांची संख्या थोडी, आणि कोणास उपचार द्यावयाचा हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें. शिवाय एक मूलभूत शंका आहे. पेशीबाहेरील द्रवांत कॅल्शियमचें प्रमाण पेशीच्या आंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट असतें. तेथें उघडी पडलेली कणिका कार्यक्षम राहील कशी? फुटलेल्या कणिकांतील द्रव्यें तर शरीराला जंतूंसारखींच भासतात व दाह उत्पन्न करितात. दुसऱ्या बाजूस, पेशी स्वभावतःच एकमेकींना कणिका देतात, हेंहि दिसून आलें आहे. दिल्ली येथें अनुराग अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं दाखविलें कीं, उंदरांत मूलपेशींनीं फुप्फुसाच्या पेशींस दिलेल्या कणिकांमुळें इजा कमी होते.

दुसऱ्या एका उपायाशीं याची गल्लत होऊं नये. मातेच्या कणिकांतील दोष अपत्यास लागूं नये म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडांतील निरोगी कणिका घेण्यास ब्रिटनच्या पार्लमेंटनें २०१५ सालीं संमति दिली. त्या पद्धतीनें न्यूकॅसल येथें आठ बालकें जन्मल्याचें जुलै २०२५ मध्यें जाहीर झालें. तो उपाय गर्भधारणेपूर्वींचा. कणिका-प्रत्यारोपण जन्मलेल्या रोग्याकरितां.

विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें. रोग्यास घेऊन परगांवीं जाणाऱ्या कुटुंबाची अगतिकता या भागास परिचित आहे. अगतिक माणसाला नव्या उपचाराचें नांवहि पुरेसें वाटतें. म्हणून हें स्पष्ट असावें कीं, कणिका-प्रत्यारोपण अद्याप प्रयोगावस्थेंतच आहे, आणि प्रयोगांत सहभागी होण्यासाठीं रोग्याची समजून-उमजून दिलेली संमति लागते. असा उपचार पैसे घेऊन हमखास गुणाच्या आश्वासनावर कोणी देऊं करील, तर तेथें पुरावा विचारणें हा अविश्वास नव्हे. रोग्याच्या जिवाची ती राखण आहे.