शिक्षकांचा करार, शाळांचा पैसा: लॉस एंजेलिसच्या संपाभोवतीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत सरकारी शाळा चालवते ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्थानिक संस्था. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात आणि तिचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो. कॅलिफोर्नियात शिक्षकांचे पगार, कामाचे तास आणि वर्गातील पटसंख्या डिस्ट्रिक्ट आणि शिक्षक संघटना यांच्यातील करारातून ठरतात. महाराष्ट्रात वेतन आयोगानंतर राज्य सरकार एकच वेतनश्रेणी लागू करते; तशी सोय तिथे नाही. शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टांतही पगार वेगवेगळे असू शकतात. जानेवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिसमधील तीस हजारांहून अधिक शिक्षक संपावर गेले, तेव्हा या व्यवस्थेविषयीचे बहुतेक गैरसमज पुन्हा ऐकू आले.

संप पगारवाढीसाठीच होतो, हा त्यातला सर्वांत पक्का समज. पगाराची मागणी होतीच. पण संपाआधीच डिस्ट्रिक्टने 6 टक्के वाढ देऊ केली होती आणि शेवटी करारातही 6 टक्केच आली. खरी ओढाताण दुसरीकडे होती. जुन्या करारातील एका कलमामुळे आर्थिक अडचणीचे कारण देऊन पटसंख्येची मर्यादा डिस्ट्रिक्टला बाजूला ठेवता येत असे. मर्यादा कागदावर असायची आणि वर्गात मुले मात्र चाळीसच्या घरात जायची. संघटनेने हे कलम काढायला लावले. अनेक शाळांत परिचारिका आठवड्यातून एखाददुसरा दिवसच यायची; इतर दिवशी मुलाला दम्याचा त्रास झाला, तर धावाधाव करायची ती कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी. नव्या करारात प्रत्येक शाळेला पूर्णवेळ परिचारिका आणि माध्यमिक शाळांना ग्रंथपाल देण्याचे ठरले. या मागण्यांना पगाराची सबब म्हणणे अन्यायाचे आहे.

शिक्षक मनात येईल तेव्हा संप करतात, हेही खरे नाही. कॅलिफोर्नियाच्या 1975 च्या कायद्याने टप्पे घालून दिले आहेत: आधी वाटाघाटी, त्या अडल्यास मध्यस्थी, मग तीन सदस्यांच्या समितीकडून तथ्यशोधन. लॉस एंजेलिसमध्ये बोलणी 2017 पासून चालू होती आणि त्याआधीचा संप 1989 मध्ये झाला होता. 14 जानेवारी 2019 रोजी भर पावसात सुरू झालेला हा संप शाळेचे सहा दिवस चालला. त्या दिवसांचा पगार शिक्षकांना मिळाला नाही.

सर्वाधिक वाद झाला तो शिल्लक रकमेवर. डिस्ट्रिक्टकडे सुमारे 1.8 अब्ज डॉलर पडून आहेत, ते वर्गांवर खर्च करा, असे संघटनेचे म्हणणे होते. हे पैसे पुढच्या दोन-तीन वर्षांची तूट भरण्यात संपणार आहेत, असे डिस्ट्रिक्ट सांगत होते. शिल्लक खोटी नव्हती. पण ती एकदाच खर्च करता येते आणि पगार दरवर्षी द्यावा लागतो. म्हणूनच 1991 च्या कायद्यानुसार डिस्ट्रिक्टला चालू वर्षाबरोबर पुढच्या दोन वर्षांचा हिशेब दाखवावा लागतो आणि काउंटीचे शिक्षण कार्यालय तो तपासते. मात्र हे पुढचे आकडे शेवटी अंदाजच असतात. डिस्ट्रिक्ट दरवेळी तूट फुगवून सांगते, या संघटनेच्या आक्षेपाला म्हणूनच वजन होते.

शाळा स्थानिक घरपट्टीवर चालतात आणि श्रीमंत वस्तीच्या शाळा आपोआप श्रीमंत होतात, हे वर्णन अमेरिकेतील अनेक राज्यांना लागू पडते. कॅलिफोर्नियाला फारसे नाही. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने मालमत्ताकराचा मूळ दर 1 टक्क्यावर बांधला आणि मालमत्तेच्या करपात्र मूल्याची वार्षिक वाढ 2 टक्क्यांपुरती मर्यादित केली. तेव्हापासून शाळांच्या खर्चाची सूत्रे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत गेली. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. 2013 पासूनच्या सूत्रानुसार गरीब घरांतील, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या आणि प्रतिपालक कुटुंबांत (फॉस्टर केअर) वाढणाऱ्या मुलांसाठी जास्त निधी मिळतो. हा निधी पटावरील नावांवर मिळत नाही, तो रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतो. त्यामुळे संपात मुले घरी राहिली की डिस्ट्रिक्टचे उत्पन्नही बुडते.

हजेरीवरच्या या हिशेबामुळे घटती विद्यार्थीसंख्या फार महागात पडते. लॉस एंजेलिसमध्ये 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला सात लाखांहून अधिक विद्यार्थी होते. 2019 पर्यंत चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) वगळता ते पाच लाखांच्या खाली आले. मुले कमी झाली की खर्चही तेवढाच उतरतो, असे वाटणे साहजिक आहे. पण प्रत्येक वर्गातून दोन मुले गेली, तरी शिक्षक, वीज आणि इमारत तेवढीच लागते. शिवाय निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा आणि पेन्शनचा भार कायम राहतो.

करार झाला म्हणजे पैसाही आला, हा शेवटचा गैरसमज. वाटाघाटीला बसणाऱ्या मंडळाला स्वतःच्या अधिकारात नवा कर लावता येत नाही. संपानंतर संघटना आणि डिस्ट्रिक्ट दोघांनी मिळून ‘मेजर ईई’ हा इमारतींच्या क्षेत्रफळावरील कर मतदारांपुढे ठेवला. तो मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मते हवी होती. जून 2019 मध्ये त्याला निम्मी मतेही पडली नाहीत. पटसंख्या आणि परिचारिकांविषयीची कराराची कलमे मात्र डिस्ट्रिक्टवर बंधनकारकच राहिली.