घोरणे आणि यकृतातील मेद

सोनोग्राफीच्या अहवालावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन' असे लिहिलेले असते आणि रुग्ण यकृतासाठी एखादे सिरप मागतो. सरावली, बोईसर, तारापूर या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारा वर्ग मोठा; तेथील दवाखान्यांत व औषधालयांत हा प्रसंग नित्याचाच. रुग्ण रात्री घोरतो काय, हे मात्र सहसा विचारले जात नाही. ते विचारले जावे, एवढ्याचसाठी हे लेखन.

स्लीप ॲप्निया म्हणजे निद्रेतील श्वासावरोध. यात घशाचा मार्ग मिटून श्वास दहा सेकंद वा अधिक काळ थांबतो, आणि असे ताशी अनेकदा घडते. रक्तातील प्राणवायूच्या या चढउतारामुळे मेदपेशींतील मेदाम्ले यकृताकडे लोटली जातात, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो व यकृतात मेद साठतो. स्थूलता हे दोहोंचे समान मूळ आहेच. परंतु वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात निद्रेतील श्वसनबिघाडाचे प्रमाण १९.५ टक्के निघाले.

चरकसंहितेच्या अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थौल्य व निद्रा एकत्रच आले आहेत, हे वैद्यांना सांगणे नको. तेथे मेदस्वी मनुष्यास दिवास्वाप वर्ज्य, तर जागरणाने थकलेल्यास विहित. रात्रपाळीचा स्थूल कामगार नेमका या दोन वचनांच्या मध्ये सापडतो. अष्टांगहृदयात जागरणाच्या निम्मा वेळ, सकाळी, जेवणापूर्वी झोपावे असे सांगितले आहे. त्यातील 'जेवणापूर्वी' आम्हांस मोलाचे वाटते. निम्म्या वेळेची मर्यादा अनभ्यस्त जागरणासाठी आहे, ती नित्य रात्रपाळीस लावू नये.

घोरणाऱ्या गिऱ्हाईकाने झोपेची गोळी मागितल्यास औषधालयचालकांनी त्यास आधी तपासणीकडे वळवावे, कारण गुंगीने घशाचे स्नायू अधिकच सैलावतात. मद्याचेही तेच, आसवारिष्टांची रात्रीची मात्रा ठरवताना त्यांतील मद्यांश ध्यानी असावा.

सीपॅप यंत्राने श्वास सुरळीत होतो, पण केवळ त्याने यकृतातील मेद उतरतो असे सिद्ध झालेले नाही. तेथे वजन सात ते दहा टक्के उतरवणे हाच भरवशाचा उपाय, आणि मेदोहर चिकित्सेस वाव आहे तो येथे. मात्र झोपेत श्वास थांबतो असे घरचे सांगत असतील, तर निद्रातपासणीस पाठवण्यात विलंब नको. रुग्ण चिल्हार फाट्यावरून महामार्गावर ट्रक नेणारा असेल, तर एका दिवसाचाही नको.