पाठवला, पण पोहोचला का?

२०१७ सालचा तुरीचा हंगाम परतूरकडच्या शेतकऱ्याच्या अजून लक्षात असेल. मराठवाडाभर हमीभाव केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि २२ एप्रिलला खरेदी थांबली, तेव्हा कितीतरी माल काट्यावर चढायचाच राहिला होता. पुढच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आली. सातबारा, आधार, पासबुक आणि मोबाइल नंबर द्यायचा; एसएमएस येईल त्या दिवशी तूर आणायची. रांग कमी झाली, हे चांगलंच झालं. पण सगळा भार एका मेसेजवर आला आणि तो पोहोचला की नाही हे बघण्याचं काम कुणाचंच राहिलं नाही.

मेसेज कार्यालयातून गेटवेकडे, म्हणजे मेसेज पुढे धाडणाऱ्या यंत्रणेकडे जातो, तिथून मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राकडे. फोन बंद असेल तर केंद्र तो ठरावीक मुदतीपर्यंत धरून ठेवतं, मग टाकून देतं. पोहोचल्याची पावती त्याच वाटेनं उलटी येते. कार्यालयाला दिसणाऱ्या ‘सबमिटेड’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की पुढच्यानं मेसेज घेतला.

पावतीही हरवते. कॅनेल हा १९९९ पासूनचा मुक्तस्रोत गेटवे मूळ मांडणीत पावत्यांचा हिशेब मेमरीतच ठेवतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की हिशेब गेला. कधी मोबाइल कंपनी मेसेज घेताना त्याचा क्रमांक षोडशमान पद्धतीत देते, समजा ‘१ए२बी’, आणि पावतीवर तोच दशमानात ‘६६९९’ असा येतो. गेटवेला तसं सांगून ठेवलं नसेल, तर जोडी जुळत नाही आणि पोहोचलेला मेसेजही अडकलेला दिसतो.

याच्या उलटही घडायचं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. जुन्या साध्या फोनवर देवनागरी मेसेजच्या जागी नुसते चौकोन दिसत. पावती मात्र ‘डिलिव्हर्ड’! शिवाय इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं, मराठीला ७०. जास्त झाली की मेसेजचे तुकडे आणि खर्च दुप्पट.

कधी मेसेज वाटेतच अडतो. २०१८ च्या अखेरीस काही मोबाइल कंपन्यांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं. ते न भरणाऱ्याचं इनकमिंगच बंद होऊ लागलं. ८ मार्च २०२१ ला दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या नियमांनुसार मजकुराची छाननी सुरू होताच देशभर ओटीपी अडकले आणि ती छाननी आठवडाभर थांबवावी लागली. बँकांची ओरड दिल्लीपर्यंत गेली. तुरीचा मेसेज न मिळालेल्या शेतकऱ्याची तक्रार मात्र खरेदी केंद्राच्या खिडकीपुढे सरकत नाही.

म्हणून खरेदी केंद्रांना आणि सोसायट्यांना विनंती आहे: पावती न आलेल्या नंबरांची यादी रोज संध्याकाळी काढा, त्या शेतकऱ्यांना फोन करा, आणि फोन लागला नाही तर नावं केंद्राच्या फळ्यावर लावा. मेसेज मिळाला नाही म्हणून कुणाचाही खरेदीचा नंबर रद्द करू नका.