जॉन मॅक्लेंडन : नोंदवहीबाहेरचा प्रशिक्षक

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे सन्मानदालन आहे. या दालनात जॉन मॅक्लेंडन यांना दोनदा प्रवेश मिळाला. पहिल्यांदा १९७९ मध्ये, खेळाच्या वाढीस हातभार लावणारे 'योगदानकर्ते' म्हणून. दुसऱ्यांदा २०१६ मध्ये, प्रशिक्षक म्हणून. दुसऱ्या सन्मानाच्या वेळी त्यांच्या निधनास जवळजवळ सतरा वर्षे झाली होती. दोनदा गौरवलेली माणसे या दालनात आणखीही आहेत, परंतु त्यांतील बहुतेक जण आधी खेळाडू म्हणून आणि मागाहून प्रशिक्षक म्हणून आत आले. मॅक्लेंडन यांची गोष्ट निराळी. त्यांनी आयुष्यभर प्रशिक्षकाचेच काम केले आणि नेमके ते काम ओळखण्यासच सर्वांत अधिक वेळ लागला.

असे का घडले, हे समजण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे स्थान लक्षात घ्यावे लागते. आपल्याकडे महाविद्यालयाचा क्रीडाशिक्षक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरता चर्चेत येतो. तेथे विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक ही सार्वजनिक व्यक्ती असते. खेळाडू हेरणे, त्यांना आपल्या विद्यापीठाकडे वळवणे, डावपेच आखणे, हे सारे त्याच्याकडे असते, आणि व्यावसायिक खेळाडूही बहुतांशी याच वाटेने घडत आले आहेत. त्याचे मोजमाप अगदी कोरडे असते : किती सामने जिंकले, किती हरले, राष्ट्रीय विजेतेपदे किती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना मुख्य राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रणच येत नसे. त्यांचे सामने, त्यांचे विक्रम आणि त्यांचे प्रशिक्षक वेगळ्या वहीत नोंदले जात, आणि ती वही पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे.

मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ मध्ये कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी झाला. १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकण्यासाठी दाखल झाले. ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधून काढला, ते त्या वेळी याच विद्यापीठात प्राध्यापक होते. वडिलांच्या सांगण्यावरून मॅक्लेंडन थेट त्यांच्याकडे गेले आणि आपले मार्गदर्शक व्हा, असे त्यांना म्हणाले. नेस्मिथ यांनी ते मान्य केले. खेळाचा जनक त्यांना शिकवत होता, परंतु त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची त्यांना मुभा नव्हती. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५१ मध्ये.

पोहण्याच्या तलावाची हकीकत याहून बोलकी आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते, आणि तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बंद होता. यातून विद्यापीठाने काढलेली पळवाट अशी, की मॅक्लेंडन यांनी पाण्यात न उतरताच परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे समजावे. त्यांनी ती सवलत नाकारली आणि ते तलावात उतरले. नेस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ मध्ये मॅक्लेंडन यांनी पदवी मिळवली, पुढच्या वर्षी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि नॉर्थ कॅरोलिनातील डरॅम शहरी, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सरकारी महाविद्यालयात ते रुजू झाले. १९४० मध्ये ते तेथे मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांच्या डावपेचांचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळचा खेळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी नेला जाई, दोन उंच खेळाडू उडी मारून त्यासाठी झुंजत आणि मग खेळ पुढे सरके. गुण झाला की खेळ थांबला, असा तो प्रकार होता. ही मध्यउडी रद्द झाली, तरी सवयी नियमांइतक्या लवकर बदलत नाहीत. बहुतेक संघ चेंडू सावकाश पुढे नेत, पास देत, संधीची वाट पाहत आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी नेम धरत. चाळीस गुण म्हणजे उत्तम धावसंख्या.

मॅक्लेंडन यांनी याच्या उलट दिशा धरली. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकला, चेंडू फळीवरून परतला, की तो पकडणारा खेळाडू क्षणाचाही विलंब न लावता मैदानाच्या कडेला असलेल्या साथीदाराकडे फेकणार. मध्यभागी आणि दोन्ही कडांना असे तीन खेळाडू एकदमच पुढे धावणार. आणि समोरचा संघ बचावाची रचना करण्यापूर्वीच चेंडू टोपलीत पडलेला असणार. यालाच 'फास्ट ब्रेक' म्हणतात. जलद हल्ला करणारे संघ त्यापूर्वीही होते, पण सुचेल तेव्हा धावणे वेगळे आणि धावण्यावरच सबंध खेळ उभारणे वेगळे. याच पद्धतीची दुसरी बाजू बचावाची. आपल्या टोपलीखाली उभे राहून हल्ल्याची वाट पाहण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात गाठायचे आणि चेंडू सुखासुखी पुढे आणू द्यायचा नाही. हा खेळ पूर्ण मैदानावर खेळण्यासाठी आहे, हा विचार आपण नेस्मिथ यांच्याकडून घेतला, असे मॅक्लेंडन नेहमी सांगत.

ही पद्धत कागदावर सोपी दिसते. पायांना ती फार महागात पडते. म्हणून त्यांच्या संघाचा खरा सराव हंगामाच्या कितीतरी आधी, मैदानाबाहेरच्या लांब पल्ल्याच्या धावण्याने सुरू होई. शरीराच्या क्षमतेचा अभ्यास त्यांनी वर्गात केला होता, आणि त्याचा हिशेब ते सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत मांडत. समोरचे खेळाडू धापा टाकू लागले की त्यांचा संघ वेग वाढवी.

या वेगाची सर्वांत मोठी कसोटी १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी झाली. डरॅम शहरातच ड्यूक हे श्रीमंत आणि त्या काळी केवळ गौरवर्णीयांसाठी असलेले विद्यापीठ आहे. युद्धकाळात लष्करी प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ठिकठिकाणचे चांगले खेळाडू जमले होते आणि त्यांचा संघ बलवान समजला जाई. दोन्ही महाविद्यालयांतील काही विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून आव्हान पुढे आले आणि मॅक्लेंडन यांनी ते स्वीकारले. दोन वर्णांच्या खेळाडूंनी एका मैदानावर उतरणे त्या राज्यात कायद्याला आणि रूढीला धरून नव्हते. धोकाही काल्पनिक नव्हता : त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, त्याच शहरात, बसमध्ये मागे सरकण्यावरून झालेल्या वादानंतर बुकर स्पाइसली या गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळ्या घालून ठार केले, आणि गौरवर्णीय ज्यूरीने चालकाला निर्दोष ठरवले.

म्हणून वेळ निवडली ती गाव प्रार्थनेसाठी चर्चमध्ये असण्याची. ड्यूकचे खेळाडू आडवळणाने, चेहरे झाकून आले. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. प्रेक्षक नव्हते, कुणकुण लागलेले काही विद्यार्थी तेवढे खिडक्यांना चिकटले होते. पंच होता, घड्याळ होते. सुरुवातीला दोन्ही संघ बिचकत खेळले, कारण गौरवर्णीय खेळाडूला सामन्यात साधा धक्का लागणे हेदेखील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या अनुभवाबाहेरचे होते. मग ते धावू लागले. अखेरची धावसंख्या होती ८८ विरुद्ध ४४. याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युटा विद्यापीठाने डार्टमथचा ४२-४० असा पराभव केला, तोही जादा वेळेत. म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामन्यात दोन संघांनी मिळून जितके गुण केले, त्याहून अधिक मॅक्लेंडन यांच्या एकट्या संघाने केले होते. दोन सामन्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे, पण खेळ किती पुढे गेला होता याची कल्पना त्यावरून येते.

सामना संपल्यावर कोणी घरी गेले नाही. खेळाडूंची सरमिसळ करून दोन नवे संघ पाडण्यात आले, एक सदरे घातलेला आणि एक उघड्या अंगाचा, आणि ते पुन्हा खेळले. स्थानिक कृष्णवर्णीय वृत्तपत्राच्या एका बातमीदाराला याची माहिती होती; त्याने शब्द पाळला आणि एक ओळही छापली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्या सकाळीला बावन्न वर्षे झाली होती. मॅक्लेंडन यांच्या विजयांच्या कोणत्याही अधिकृत यादीत हा विजय नाही.

यानंतरची कारकीर्द अनेक गावांची आहे. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या संघटनेची वार्षिक स्पर्धा वॉशिंग्टन येथे सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि पहिले विजेतेपद त्यांच्याच संघाने तीन जादा डावांनंतर मिळवले. पुढे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील महाविद्यालयात असताना त्यांनी लहान महाविद्यालयांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन वर्षे, १९५७, १९५८ आणि १९५९ मध्ये, विजेतेपद पटकावले. तीन लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारे ते पहिले महाविद्यालयीन प्रशिक्षक ठरले. या संघातील डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सच्या १९७० आणि १९७३ च्या विजेत्या संघांत होता. कॅन्सस सिटीत या संघटनेच्या स्पर्धेला जाण्यापूर्वी मॅक्लेंडन यांनी अट घातली होती, की आपले खेळाडू इतर संघांप्रमाणेच शहरातील हॉटेलांत उतरतील आणि तेथेच जेवतील. ती अट मान्य झाली. या अटीचे मोल एखाद्या विजेतेपदापेक्षा कमी मानता येणार नाही.

१९६१ मध्ये क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे होते. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी पटेना, तेव्हा हंगाम अर्ध्यावर असताना त्यांनी राजीनामा दिला. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांना नेमले आणि प्रामुख्याने गौरवर्णीय असलेल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे हारच अधिक झाली. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्सने त्यांना केवळ २८ सामन्यांनंतर दूर केले. उशिरा उघडलेल्या दारांमागे बहुधा कमकुवत संघ किंवा उतावीळ मालक असतात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. तरीही महाविद्यालयीन विजयांची त्यांची संख्या पाचशेच्या घरात जाते.

वेगाचा हा पुरस्कर्ता संथ खेळाचाही जाणकार होता. आघाडी मिळाल्यावर चार खेळाडू अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभे करायचे, पाचव्याने मध्यभागी चेंडू खेळवत ठेवायचा, आणि अस्वस्थ झालेला प्रतिस्पर्धी चेंडूमागे धावला की मोकळ्या झालेल्या टोपलीकडे घुसायचे, ही 'चार कोपऱ्यां'ची रचना त्यांचीच. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी ती इतकी प्रभावीपणे वापरली, की सामान्य प्रेक्षक तिला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. अखेर १९८५-८६ च्या हंगामापासून पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ४५ सेकंदांच्या आत नेम साधण्याचे बंधन आले आणि चार कोपऱ्यांचा डाव जवळजवळ नामशेष झाला.