बुरशीला कोणती साखर वाढावी?

मुळशीच्या पावसाळ्यात चप्पल, पुस्तक, गुळाची ढेप, काहीही चार दिवस कोपऱ्यात राहिलं की त्यावर बुरशी चढते. हिच्या पोटात तेल असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. सगळ्याच बुरशींत नव्हे. पण काहींच्या कोरड्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ चरबी असते. यीस्ट ही बुरशीच बरं का.

हे तेल ती साखरेपासून करते. साखर भरपूर दिली आणि नत्र तोडलं, की तिची वाढ थांबते. कारण प्रथिनांना नत्र लागतं, चरबीला नाही. मग पेशीत सायट्रेट साचतं, ते फुटून दोन कार्बनांचे तुकडे मिळतात, आणि तुकड्याला तुकडा जोडत चरबी तयार होते. सुगीत कणगी भरावी तशी.

पण साखर कोणती? ग्लुकोज बहुतेकींना चालतो. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ती फोडायला इन्व्हर्टेज हे विकर लागतं, आणि यारोविया लिपोलिटिका या तेलकट यीस्टकडे ते मुळात नसतं. साखर कारखान्यांच्या या राज्यात तिला मळी वाढली, तर तिच्यातल्या मुख्य साखरेला हात लावणं तिला जमत नाही! आधी ती साखर फोडून द्यावी लागते. याच जातीचं, मुंबईजवळच्या समुद्रातलं एक वाण पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी तळणाच्या टाकाऊ तेलावरही वाढवून पाहिलं. ते काम 2012 साली प्रसिद्ध झालं.

शिवाय हिशेब आहेच. शंभर ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर बत्तीस ग्रॅम चरबी निघते, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. किलोभर तेलाला पाच किलो साखर! इंग्लंडमध्ये सेल्बीला 1985 साली म्युकर बुरशीचं तेल बाजारात आलं, औषधी म्हणून महाग विकलं गेलं; तरी 1990 साली उत्पादन थांबलं. वनस्पतीपासूनचं तसलंच तेल स्वस्त पडत होतं.

म्हणून नजर जाते भाताच्या पेंढ्याकडे. त्यात ग्लुकोज आहे, तसा पाच कार्बनांचा झायलोजही. दोन्ही समोर ठेवले तर बहुतेक बुरशी आधी ग्लुकोज संपवते, झायलोज मागे ठेवते, काम लांबतं. पावाच्या यीस्टला तर झायलोज आंबवताच येत नाही. आपल्या उरवड्याला प्राजचं संशोधन केंद्र आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढायचं म्हटलं, की तिथंही याच झायलोजशी गाठ. त्यात पेंढा आम्लात शिजवताना फुरफुरालसारखी द्रव्यं सुटतात, ती बुरशीला बाधतात.

मुळशीतला पेंढा मात्र आजही आधी गोठ्यात जातो. यंत्राला द्यायचा तर गुरांना काय घालायचं, हे आधी शेतकऱ्याला विचारावं लागेल.